रॉय, इंद्रलाल
रॉय, इंद्रलाल : (२ डिसेंबर १८९८–२२ जुलै १९१८). पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक व त्या युद्धात ‘एस’ ठरलेले एकमेव भारतीय. शत्रूची किमान पाच विमाने नावावर असलेल्या वैमानिकाला ‘एस’ म्हणत.

जन्म कोलकात्यात, बंगाली कुटुंबात. वडील बॅरिस्टर होते. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. अधू दृष्टीचे कारण देऊन रॉयल फ्लाइंग कोअरने त्यांना नाकारले, तेव्हा मोटारसायकल विकून त्यांनी नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली. एप्रिल १९१७ मध्ये ते दलात दाखल झाले.

५६ व्या स्क्वाड्रनमध्ये असताना ६ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे विमान कोसळले. मृत समजून त्यांना शवागारात ठेवले होते आणि शुद्धीवर येताच त्यांनी आतून दार ठोठावले, असे सांगतात. पुढे वैद्यकीय अपात्रतेचा शेराही त्यांनी प्रयत्नांती बदलवून घेतला.

जून १९१८ मध्ये ते ४० व्या स्क्वाड्रनमध्ये कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या तुकडीत रुजू झाले. त्यांचे एस.ई.५ए हे एकासनी विमान होते. त्याची एक मशीनगन पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून मारा करी, तर दुसरी वरच्या पंखावर बसवलेली असे. ६ ते १९ जुलै या काळात रॉय यांच्या नावावर १० विजय नोंदले गेले. त्यांपैकी तीन ८ जुलै या एकाच दिवशीचे. ब्रिटिश पद्धतीत केवळ नष्ट झालेलीच नव्हे, तर ताबा सुटून खाली जाताना दिसलेली विमानेही जमेस धरत. रॉय यांच्या १० विजयांत हे दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे असून दोन विजय सहकाऱ्यांसह मिळवलेले आहेत.

२२ जुलै रोजी फ्रान्समधील कारव्हँच्या आकाशात जर्मन फोकर डी.७ विमानांशी झालेल्या झुंजीत ते १९ व्या वर्षी मारले गेले. एस्तेव्हेल येथे त्यांचे दफन झाले. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाला.

त्याच युद्धात हरदित सिंग मलिक, एरॉल सेन व मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे भारतीयही ब्रिटिश लढाऊ स्क्वाड्रनमधून लढले. वेलिणकर जून १९१८ मध्ये कामी आले. रॉय यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.