खतखड्ड्यातली हिरवी पिशवी

परवा आमच्या सोसायटीचा खतखड्डा उपसला. सहा महिन्यांच्या ओल्या कचऱ्याचं झकास काळं खत झालं होतं. पण त्यातून हिरव्या पिशव्याही निघाल्या, आणि त्यांच्यावरचं 'कंपोस्टेबल' अजून वाचता येत होतं. चाळणीवर तुकडे वेचणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, ह्या विरघळणाऱ्या होत्या ना?"

मावशींचा प्रश्न नवा नाही. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत अपघातानं सापडलं. आपल्या ओळखीच्या कॅरीबॅगचं पेटंट १९६५ चं, स्वीडनचं. पॉलिथिनची कार्बनची लांबलचक साखळी जिवाणूंना तोडता येत नाही. खतात ती फक्त फाटते, आणि तुकडे खताबरोबर थेट कुंडीत जातात.

मग १९७० च्या दशकात ग्रिफिन नावाच्या संशोधकानं पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळून पाहिला. स्टार्च जिवाणूंनी खाल्ला, पॉलिथिन तसंच उरलं! तरी पुढच्या दशकात अमेरिकेत अशा पिशव्या 'विघटनशील' म्हणून विकल्या गेल्या. १९९० मध्ये तिथल्या काही राज्यांनी अशाच दाव्यावरून मोबिल कंपनीला कोर्टात खेचलं. त्यानंतर आल्या ऑक्सो पिशव्या. धातूचे क्षार घातलेल्या, लवकर चुरा होणाऱ्या. म्हणजे तीच फसवणूक, जरा बारीक दळलेली. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात त्यांच्यावर बंदी घातली.

आमच्या खड्ड्यातली पिशवी या जातीची नसेलही. मक्यासारख्या पिकातल्या साखरेपासून बनणारं पीएलए खरंच विघटन पावतं. आधी उष्णता आणि पाणी त्याची साखळी तोडतात, मग जिवाणू तुकडे खातात. मेख आहे ती उष्णतेत. कंपोस्टेबलचा शिक्का मिळवण्याची चाचणी साधारण ५८ अंशांवर होते, आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं. आमच्या खड्ड्यात हात घातला तर कोमट लागतं, बस्स.

२००५ च्या २६ जुलैला मुंबईची गटारं तुंबली, त्यानंतर आपल्याकडे पिशव्यांवर निर्बंध आले, २०१८ मध्ये राज्यव्यापी बंदी आली. कंपोस्टेबल पिशवीला देशाच्या नियमांत जाडीची सूट आहे. पण आमच्या भागात ती शिजेल एवढी भट्टी कुठाय?

मावशींना म्हटलं, विरघळते, पण इथे नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे: कचरा बादलीतून थेट खड्ड्यात रिकामा करायचा, पिशवी कुठलीही असो, बाहेरच. आणि चाळणीच्या कामाचे मावशींना वेगळे पैसे.