जपानची ‘समुद्रमाता’: कॅथलीन ड्रू-बेकर

१/ सुशीभोवतीचा काळपट पापुद्रा म्हणजे ‘नोरी’, एक समुद्रशैवाल. जपानी किनाऱ्यावर शतकानुशतके त्याची शेती होत आली. पण उन्हाळ्यात लुप्त होणाऱ्या या शैवालाचे बीज कोठे दडते, हे कोणासही ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडू लागले, तेव्हा शेतकरी हतबल झाले.

२/ उत्तर सापडले इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर (१९०१–१९५७) मँचेस्टर विद्यापीठात शैवालांच्या अभ्यासक होत्या. १९२८ मध्ये विवाह होताच त्यांचे अध्यापकपद गेले, कारण विवाहित स्त्रियांना तेथे नोकरी नव्हती. संशोधन मात्र त्यांनी सोडले नाही.

३/ शिंपल्यांत वाढणारे ‘कॉन्कोसेलिस’ हे गुलाबी सूक्ष्म शैवाल तोवर स्वतंत्र जाती मानले जाई. ती नोरीच्याच कुळातील ‘पोर्फायरा’ची एक अवस्था आहे, हे त्यांनी १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले.

४/ क्यूशू विद्यापीठाचे सेगावा यांनी हे सूत्र जपानी नोरीस लावून पाहिले. पुढे शिंपल्यांवर बीज वाढवून ते जाळ्यांवर धरण्याची पद्धत रूढ झाली. दैवाधीन पीक माणसाच्या हाती आले.

५/ कॅथलीन जपानला कधीच गेल्या नाहीत. तरीही १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातील उतो येथे त्यांचे स्मारक उभे राहिले. दरवर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांना अभिवादन केले जाते. विद्यापीठाने नाकारलेला मान परक्या किनाऱ्याने दिला.