कुत्र्याची भाकरी

कुत्र्यासाठी घरी रांधणे हे शहरी लोकांचे नवे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. नवे आहे ते विकतचे खाद्य. जेम्स स्प्रॅटने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली ती १८६०च्या सुमारास. त्याच्या १८०० वर्षे आधी रोमन शेतीलेखक कोल्युमेला शेतावरच्या कुत्र्यांना जवाचे पीठ दुधाच्या निवळीत कालवून घालायला सांगतो. दूधदुभते नसेल तिथे भाकर कडधान्याच्या कढणात भिजवून द्यावी आणि कढण कोमटच असावे, हेही तो बजावतो. एवढी काळजी उष्ट्यासाठी कोणी घेत नाही. आपल्याकडेही नामदेवांच्या आख्यायिकेत कुत्रा पोळी पळवतो, तेव्हा कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावतात.

यावर कोणी म्हणेल, बहुतेक घरांत त्याला उरलेसुरलेच मिळे. ते खरेच आहे. पण श्राद्धाच्या पंचबळीतला कुत्र्याचा घास माणसे जेवायच्या आधी काढतात, तो उरलेला नसतो. दुसरा आक्षेप असा की कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशाला? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसले, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २च प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या चुलीशी राहून त्याचे पोटच बदलले. तरी निव्वळ भाकरीवर त्याचे भागत नाही. सोबत मांस किंवा अंडे हवेच. आणि कांदा-लसूण घातलेली आमटी त्यावर कधीही ओतू नका, ती त्याला विषारी असते.