राजाची बाग आणि रयतेचे आगर

राजाची बाग म्हटली की आपल्यापुढे कारंजी, फरसबंद वाटा आणि कातरलेली झुडपे उभी राहतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ल नोत्र या उद्यानरचनाकाराकडून व्हर्सायची बाग घडवून घेतली आणि तिच्या कारंज्यांसाठी सीन नदीचे पाणी वर चढविणारे प्रचंड यंत्र १६८४ मध्ये मार्ली येथे सुरू केले. झाडांनीदेखील राजाज्ञेने रांगेत उभे राहावे, असा तो थाट!

आमच्या कुलाब्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडच्या, किनाऱ्यावर अशी बाग का नाही, असे मला पुष्कळदा वाटे. उत्तर या मुलखाच्या नावातच आहे. चौल, नागाव, अक्षी, थळ हा सारा टापू 'अष्टागर'. आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. अलिबाग हे नावही अली नामक एका धनिकाच्या बागांवरून पडले, असे परंपरा सांगते. इथली बाग रयतेच्या परसात वाढली.

परंतु राजकारण तिलाही चुकले नाही. गुराबा-गलबते बांधायची म्हणजे लाकूड हवे, आणि रयतेचे आंबे-फणस तर हाताशीच उभे! रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या 'आज्ञापत्रा'ने याचा निवाडा केला आहे. सागवान राज्यातील रानातून परवानगीने तोडावे, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात. एखादे अगदीच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. गडावर मात्र आंबा, चिंच, वड, लिंबू, फुलझाडे, जे रुजेल ते लावावे. प्रसंगी लाकूड तरी कामी येईल.

योगायोग पाहा, चौदावा लुई वारला तो १७१५ सालीच. त्याचा हुकूम झाडांवर चाले. इथला हुकूम कुऱ्हाड धरणाऱ्या अंमलदारांवर होता. मला या दुसऱ्या हुकुमाचे मोल अधिक वाटते.

आंग्र्यांचे राज्य इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले. वाड्या मात्र राहिल्या. आज त्यांतून बंगले उठत आहेत. झाड विकत घेता येते, त्याची पन्नास वर्षे विकत मिळत नाहीत. यंदा करंज्यांसाठी खोबरे किसताना एवढे मुलांना जरूर सांगावे.