चित्रातील तुफान आणि तारवातील माणूस

एकोणिसावे शतक हे युरोपीय चित्रकलेत तुफानी समुद्राचे शतक होय. त्याआधी समुद्र रंगविलाच जात नव्हता असे नाही. सतराव्या शतकात डच चित्रकारांनी लाटांवर हेलकावणारी जहाजे पुष्कळ काढली. आमच्या रत्नागिरीच्या दक्षिणेचा घेरिया, म्हणजे विजयदुर्ग, इंग्रजांनी १७५६ मध्ये घेतला, त्याचेही चित्र डॉमिनिक सेरेस याने १७७१ मध्ये रंगविले. परंतु त्या चित्रांचा नायक जहाज असे. शिडे, तोफा, निशाणे यांचा हिशेब चोख राहावा, ही मागणी. समुद्र म्हणजे त्यांची बैठक. एकोणिसाव्या शतकात ही बैठकच उठून उभी राहिली आणि लाट नायक झाली.

लाटेचा हा पराक्रम समजण्यास हेदवीकरांना विलायतेस जाण्याचे कारण नाही. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात जी अरुंद भेग आहे, ती बामणघळ सर्वांच्या पाहण्यातली आहे. भरतीची लाट तीत शिरते, पाण्याला बाजूस सरकण्यास वाव मिळत नाही, मागून दुसरे पाणी रेटते, आणि कोंडलेला लोट गर्जत आकाशाकडे उसळतो. पाहणारा कातळावर सुरक्षित उभा असतो, म्हणून त्याला हे दृश्य रमणीय वाटते. प्रदर्शनाच्या दालनात तुफानाच्या चित्रापुढे उभा राहणारा नागरिकही असाच कोरड्या कातळावरचा प्रेक्षक होता. प्रश्न असा की, चित्रकाराने त्याला केवळ रमविले, की आणखी काही विचारले?

जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे ‘मेदूझाचा तराफा’ हे चित्र १८१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद अशा त्या पटावर खवळलेले पाणी आहे, मेलेले आणि मरू घातलेले लोक आहेत, आणि क्षितिजावर ठिपक्याएवढे जहाज आहे. आता मूळ हकीकत पाहू. ‘मेदूझा’ हे सरकारी जहाज जुलै १८१६ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या उथळीवर रुतले. त्याला तुफानाने बुडविले नव्हते. कित्येक वर्षे जहाज न चालविलेला, राजकृपेने नेमलेला कप्तान हे त्याचे कारण. होड्या पुरेनात, तेव्हा सुमारे दीडशे माणसे तराफ्यावर घातली आणि पुढे दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी पंधरा जिवंत सापडली. जेरिकोने वाचलेल्यांना गाठून विचारपूस केली, तराफ्याची प्रतिकृती करविली, आणि मग कुंचला हाती घेतला. चित्रात लाट भयंकर आहे खरी. पण आरोपी लाट नव्हे.

टर्नर या इंग्रज चित्रकाराने १८४० मध्ये ‘गुलामांचे जहाज’ प्रदर्शित केले. सूर्य मावळतो आहे, पाणी रक्तासारखे पेटले आहे, तुफान चालून येत आहे, आणि पाण्यात बेड्या घातलेले हातपाय बुडत आहेत. यामागे १७८१ मधील ‘झाँग’ जहाजाची घटना मानली जाते. त्या जहाजावरून एकशेतीसच्या आसपास गुलाम जिवंत समुद्रात फेकले गेले आणि पुढे ‘माल बुडाला’ म्हणून विम्याची मागणी झाली! येथेही समुद्राकडे साक्षीदाराचे काम आहे, खुन्याचे नाही.

रशियाचा आयवाझोव्स्की याची रीत निराळी. काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसियाचा हा चित्रकार लाट आठवणीतून रंगवी. चालते पाणी समोर बसून टिपता येत नाही, असे त्याचे मत होते. त्याच्या १८५० च्या ‘नवव्या लाटे’त फुटक्या डोलकाठीला बिलगलेली माणसे आहेत आणि त्यांच्यावर पहाटेचा सोनेरी उजेड पडला आहे. तिकडे जपानात होकुसाईने १८३१ च्या सुमारास छापलेल्या चित्रात पंजे पसरलेली लाट काढली. तिच्याखाली मासळी वाहणाऱ्या तीन होड्या आणि वल्ह्यांवर वाकलेले खलाशी आहेत. घाईघाईने पाहणाऱ्याला लाट दिसते, खलाशी दिसत नाहीत.

आमच्याकडे तैलरंगाची ही रीत राजा रविवर्म्याने आपलीशी केली. त्याने मुंबईत १८९४ मध्ये शिळाछापखाना काढला आणि चित्रे घरोघर गेली. १९०६ च्या त्याच्या एका चित्रात धनुष्य ताणलेल्या रामापुढे खवळलेल्या लाटांतून वरुण शरण येतो. येथे समुद्र हा देव आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याला नमविता येते. नारळी पौर्णिमेस नारळ वाहणाऱ्या आमच्या कोळीबांधवांची दृष्टी हीच. मात्र ते केवळ नारळावर विसंबत नाहीत. पावसाळ्यात होड्या वर ओढून, शाकारून ठेवण्याची शिस्त तितकीच जुनी आहे. भक्ती आणि सावधगिरी यांचे येथे भांडण नाही.

ही शिस्त मोडली की काय होते, ते १७ जुलै १९४७ रोजी दिसले. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी बुडत्यांपैकी अनेकांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. कोकणात या घटनेला ‘दर्याचा कोप’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुःखाला तो शब्द सोयीचा आहे. पण त्या एका शब्दाने, भर पावसाळ्यात एवढी माणसे घेऊन बोट सुटली कशी, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

म्हणून तुफानाच्या चित्रापुढे उभे राहताना लाटेची उंची अवश्य पाहावी, रंगांना दाद द्यावी. परंतु तेवढ्यावर थांबू नये. तारवात कोण आहे, त्याला कोणी पाठविले, आणि दोर कोणी सोडला, हे विचारावे. जेरिको आणि टर्नर यांनी आम्हाला शिकविले ते हेच. समुद्र निर्दोष आहे असे नव्हे. पण त्याच्या माथी माणसांचे अपराध मारू नयेत, एवढे तरी किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हा लोकांना कळले पाहिजे.