काळोख्या खोलीतील हात

दिल्लीत अलीकडे सायनोटाइपसारख्या जुन्या छायाचित्रणप्रक्रियांकडे काही कलावंत पुन्हा वळू लागले आहेत. प्रक्रिया तशी साधी. मयूर विहारसारख्या यमुनापारच्या वसाहतीत न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने झाकली आणि गच्चीवर ऊन असले, की १८४२ साली जॉन हर्शेलने शोधलेला हा निळा ठसा उमटतो. कलाकृतीवर हाताची खूण राहावी, अशी या कलावंतांची भूमिका आहे. ती मान्य करूनही एक प्रश्न उरतो: आपल्या छायाचित्रणाच्या इतिहासात हा हात नेमका कोणाचा होता?

दादासाहेब फाळके यांचा गौरव चित्रपटाचे जनक म्हणून होतो, आणि ते मूळचे काळोख्या खोलीतले कारागीर होते हे त्या गौरवात झाकले जाते. बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना असा रसायनांशी त्यांचा वीस वर्षांचा सहवास होता. १९१२ साली लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यासाठी जी कच्ची फिल्म येई, तिच्या कडांना छिद्रे नसत. ती घरीच, काळोखात, हातयंत्राने पाडावी लागत. छिद्र केसभर सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, हेही त्या करीत. शिवाय मंडळींचा स्वयंपाक होताच.

चरित्रकार त्यांच्या दागिन्यांविषयी भरभरून लिहितात. पत्नीने अलंकार दिले, हा त्याग आपल्या वाङ्मयीन संस्कारांना ओळखीचा आहे. तिने एक तंत्र आत्मसात केले, ही गोष्ट मात्र ओघात येऊन जाते. माझ्या मते हा केवळ विस्मरणाचा प्रकार नव्हे. त्यागासाठी आपल्यापाशी भाषा तयार होती, कौशल्यासाठी नव्हती.

या कौशल्याचे मोजमाप करता येते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगतात. फुटाला सोळा चित्रे, चित्रामागे एका कडेला चार छिद्रे. म्हणजे एका कडेचीच दोन लाखांवर छिद्रे झाली, आणि दुसरी कड, वाया गेलेली फिल्म, पडद्यासाठी काढलेली प्रत ही निराळीच. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, तेव्हा पडद्यावरची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगविली होती, कारण काम करण्यास कोणी स्त्री पुढे आली नव्हती.