मूठभर तांदूळ आणि स्वावलंबी मंडळी : मिझोराममधील 'बुहफाय थाम' प्रथेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ख्रिस्ती परंपरेत 'कारभारीपण' ही संकल्पना दानधर्मापेक्षा अधिक व्यापक मानली जाते. मनुष्याजवळील धन, धान्य, वेळ आणि कौशल्य यांचा तो मालक नसून केवळ कारभारी आहे व या ठेवीचा हिशेब त्याला परमेश्वरास द्यावयाचा आहे, असे हे तत्त्व होय. व्यासपीठावरून ते सांगणे सोपे आहे. परंतु हातातोंडाशी गाठ असलेल्या समाजात ते आचरणात कसे उतरते, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशन-चिटणिसांनी स्थानिक मंडळ्या स्वयंशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारी असाव्यात, असा विचार मांडला. अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले, त्याच सुमारास अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. तथापि, एतद्देशीय पाळक नेमणे आणि त्याचा चरितार्थ मंडळीने स्वतः चालविणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. दुसऱ्या गोष्टीचे एक अत्यंत साधे उत्तर पुढे ईशान्य भारतातील लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, गृहिणींच्या हातून दिले गेले. प्रस्तुत निबंधात त्या उत्तराचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८९० च्या सुमारास लुशाई टेकड्या ब्रिटिश अमलाखाली आल्या. जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन मिशनरी जानेवारी १८९४ मध्ये तेथे पोहोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. १८९७ पासून उत्तर भागात वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य सुरू झाले आणि १८९९ मध्ये खुमा व खारा या पहिल्या दोन मिझो व्यक्तींचा बाप्तिस्मा झाला. १९०१ च्या जनगणनेत ८२,४३४ लोकवस्तीत ख्रिस्ती केवळ ४५ होते.

या अल्पसंख्य समूहाला पहिले मोठे बळ मिळाले ते अन्य मंडळीच्या उदाहरणातून. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये उसळलेल्या धर्मजागृतीची लाट खासी टेकड्यांतील मंडळ्यांपर्यंत आली होती. १९०६ मध्ये काही मिझो सभासद डोंगरवाटा तुडवीत मैरांग येथील खासी मंडळीच्या सभेस गेले. तेथे जे पाहिले ते त्यांनी परतल्यावर आपल्या बांधवांना सांगितले आणि त्याच वर्षी ऐझॉल येथे पहिली मिझो धर्मजागृती झाली. मात्र, हा उत्साह अखंड राहिला नाही. लवकरच गावप्रमुखांच्या प्रोत्साहनाने 'पुमा झाय' या लोकगीतांची लाट सर्वत्र पसरली आणि नवी मंडळी एकाकी पडली. भावनेच्या भरतीनंतर श्रद्धा टिकवावयाची तर तिला दैनंदिन व्यवहारात आधार हवा होता. याच काळात, सुमारे १९१० मध्ये, 'बुहफाय थाम' म्हणजे 'मूठभर तांदूळ' ही प्रथा सुरू झाली.

प्रथेचे स्वरूप :
मिझो समाज झूम शेती करणारा होता. त्याच्या हाती रोकड जवळजवळ नसे. संपत्ती म्हणजे भात. गावप्रमुखाला द्यावयाचा वाटाही भाताच्याच रूपात दिला जाई. अशा समाजाकडे पैशाच्या वर्गणीची अपेक्षा करणे व्यर्थ होते. 'बुहफाय थाम'मध्ये गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढून ठेवते. मंडळीतील स्त्रिया ठरावीक दिवशी घरोघरी जाऊन तो गोळा करतात. जमलेला तांदूळ विकला जातो आणि येणारी रक्कम धर्मकार्यासाठी वापरली जाते. रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाशी परिचित असलेल्या महाराष्ट्रीय वाचकास या योजनेचे मर्म सहज उमगेल.

या प्रथेचे वैशिष्ट्य तिच्या परिमाणात आहे. मूठ ही श्रीमंताची आणि गरिबाची जवळपास सारखीच असते. शुभवर्तमानातील गरीब विधवेच्या दोन टोल्यांची कथा जे शिकविते, ते येथे नित्याच्या कृतीत उतरले. उरलेसुरले देण्याऐवजी शिजविण्यापूर्वीच देवाचा वाटा बाजूला काढावयाचा, हा क्रमही महत्त्वाचा होता. दिवसातून दोनदा होणाऱ्या या कृतीमुळे कारभारीपणाचा धडा चुलीपाशी बसलेल्या मुलांनाही न शिकविता मिळत गेला.

सहसभासदांचा प्रभाव :
प्रथा रुजताच तिची कसोटी लागली. १९११-१२ मध्ये बांबूला फुलोरा येऊन उंदरांची अपरिमित वाढ झाली आणि 'मौताम' नावाने ओळखला जाणारा दुष्काळ पडला. मूठभर तांदळाचे खरे मोल कळावे, असाच तो काळ होता. प्रथा या संकटातून तरली. १९१३ मध्ये छुआखामा हे पहिले मिझो पाळक दीक्षित झाले. त्याच वर्षी आणि पुन्हा १९१९ मध्ये धर्मजागृती झाली. ख्रिस्ती लोकसंख्या १९११ मधील २,४६१ वरून १९२१ मध्ये २७,७२० वर गेली. या वाढीचे श्रेय एकट्या 'बुहफाय थाम'ला देता येणार नाही. परंतु मूठभर मिशनऱ्यांच्या प्रवचनांनी एवढा बदल घडणे संभवनीय नव्हते. गोळा करण्यास येणारी शेजारीण स्वतःच्या घरातूनही मूठ काढून आलेली असे. तिच्या येण्याने सहभागाची आठवण होई आणि आजारी वा अडचणीतील कुटुंबाची विचारपूसही होई. स्वतःच्या सोयीपूर्वी इतरांचे हित पाहणाऱ्या 'त्लॉमंगाइना' या परंपरागत मिझो मूल्याशी ही रीत सहज जुळली.

१९६६ मधील सशस्त्र उठाव, ऐझॉलवरील हवाई हल्ला आणि त्यानंतरचे सक्तीचे ग्राम-पुनर्वसन यांनी झूम शेतीची घडी विस्कटली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेल्श मिशनरीही निघून गेले. तरीही मंडळी कोलमडली नाही. मिशनऱ्यांनी १९२८ मध्ये सुरू केलेले दुर्तलांग येथील रुग्णालय ती चालवीत राहिली आणि अन्य राज्यांत स्वतःचे प्रचारक पाठवू लागली. सुमारे साठ वर्षे मुठीमुठीने घडलेली सवय यामागे होती.

मर्यादा :
या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. मूठ स्त्रीची, संकलनाचे श्रमही स्त्रीचे. पण विसाव्या शतकात प्रेस्बिटेरियन मंडळीच्या वडीलवर्गात वा पाळकपदावर स्त्रीला स्थान नव्हते. ज्यांनी निधी उभा केला, त्यांना त्याच्या विनियोगाचा निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. शिवाय, जेथे सारा गाव एका मंडळीचा असतो, तेथे शेजाऱ्याचे उदाहरण आणि शेजाऱ्याचे दडपण यांतील सीमारेषा पुसट होते.

निष्कर्ष :
'बुहफाय थाम'च्या इतिहासावरून असे दिसते, की स्वावलंबनाचे तत्त्व मिशनच्या धोरणपत्रात लिहिल्याने सिद्ध होत नाही. ते सभासदांनी एकमेकांना पाहून अंगी बाणवावे लागते. दानाचे माप सर्वांच्या आवाक्यातले असले आणि मागणारा स्वतःही देणारा असला, म्हणजे निर्धन समाजही आपल्या संस्था स्वतः उभ्या करू शकतो. मात्र, ठेवीचा हिशेब द्यावयाचा हेच कारभारीपणाचे मर्म असेल, तर मूठ काढणाऱ्या हातांना त्या हिशेबात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्नही या इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.